नाशिकहून साप्ताहिक तोरा-अभ्यासाला जायचे असेल तर

निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदारांच्या घरातल्या आणि सध्या नाशिकमध्ये नोकरी करणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे की, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, दर आठवड्याला तोरा या त्यांच्या धर्मग्रंथावर जे निरूपण होते ते ऐकायला ज्यू नसलेल्या व्यक्तीला जाता येते का, हिब्रू येत नसेल तर तेथे बसून काही कळते का, आणि नाशिकहून दर आठवड्याला एवढा प्रवास करण्यात अर्थ आहे का. घरात लहानपणापासून प्रवचने ऐकलेली असल्यामुळे धर्मग्रंथावरचे बोलणे त्यांना नवे नाही. पण आपण तेथे उपऱ्या वाटू आणि नकळत कोणाच्या प्रार्थनेत अडथळा आणू, अशी धास्ती त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे.

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, कुटुंबातली. नोकरीनिमित्त नाशिक रोडला आले आणि येथेच स्थायिक झाले. अनेक वर्षे मी ठाण्याला आणि मुंबईला जाऊन ही निरूपणे ऐकत आले आहे, आणि अलीकडे आमच्या ओळखीच्या मोजक्या कुटुंबांसाठी घरीच आठवड्याचा उतारा वाचून त्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ऐकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या अशा दोन्ही जागांवरून जे दिसले, ते येथे सविस्तर लिहिते.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी प्रवेशाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे, आणि हिब्रूचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. खरी अडचण वेगळ्याच जागी आहे. सिनेगॉगमधले निरूपण हे वक्त्याने मनाने निवडलेल्या विषयावरचे भाषण नसते. ते त्या आठवड्यासाठी ठरलेल्या उताऱ्यावरचे बोलणे असते, आणि समोर बसलेल्यांनी तो उतारा आधी वाचलेला आहे असे धरूनच वक्ता सुरुवात करतो. ज्याने तो वाचलेला नाही, तो जन्माने ज्यू असला तरी पहिली दहा मिनिटे चाचपडत राहतो. ज्याने वाचला आहे, त्याला शेवटच्या बाकावरही उपरे वाटत नाही. म्हणून मी माझ्या उत्तराचा मोठा भाग जाण्यापूर्वीच्या तयारीला देणार आहे.

आधी रचना समजून घ्या. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, ज्यांना आम्ही बेरेशीथ, शेमोथ, वायिक्रा, बामिदबार आणि देवारीम म्हणतो. मराठी पवित्र शास्त्रात तेच उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी येतात. या पाच ग्रंथांचे 54 भाग केलेले आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी सकाळी, एक पाराशा हस्तलिखित गुंडाळीतून मोठ्याने वाचली जाते, आणि वर्षभरात पाचही ग्रंथ पूर्ण होतात. सण शनिवारी आला की नेहमीचा उतारा पुढे ढकलला जातो, आणि ज्या ज्यू वर्षात अधिक महिना नसतो त्या वर्षी आठवडे कमी पडतात. तेव्हा काही पाराशा जोडीने वाचून हिशेब जुळवला जातो. सिम्हाथ तोराच्या दिवशी, जो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर या काळात येतो, शेवटचा भाग संपवून त्याच दिवशी पुन्हा पहिल्या भागापासून आरंभ होतो. मुंबई, ठाणे, पुणे, कोची किंवा न्यूयॉर्क, जगात कोठेही जा, एखाद्या सणामुळे काही आठवड्यांचा फरक पडणे सोडले तर त्या शनिवारी सगळीकडे तोच उतारा वाचला जात असतो. तुम्ही नाशिकला घरी बसून तो वाचलात, तरी त्या वाचनात तुम्ही सहभागी असता. माझ्या दृष्टीने हा धागा प्रवासापेक्षा महत्त्वाचा आहे.

आता प्रवेशाविषयी. येथे बरेच काही त्या त्या सिनेगॉगवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. काही ठिकाणी निरूपण शनिवारी सकाळच्या प्रार्थनेतच, तोरा-वाचनाच्या आगेमागे होते. काही ठिकाणी प्रार्थनेनंतर नाश्त्याच्या वेळी. आणि काही ठिकाणी आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी किंवा रविवारी स्वतंत्र अभ्यासवर्ग असतो, ज्याला शिऊर म्हणतात. नव्या माणसासाठी स्वतंत्र वर्ग सर्वांत सोयीचा, कारण तेथे प्रश्न विचारायला जागा असते आणि प्रार्थनेतले उठणे-बसणे सांभाळावे लागत नाही. नाशिकहून रेल्वेने जाण्यासारखे सर्वांत जवळचे सिनेगॉग ठाण्याचे शार हाशामायिम, जे 1879 साली स्थापन झाले आणि टेंभी नाक्याजवळ आहे. मुंबईत मशीद बंदरजवळचे शार हरहामीम 1796 चे, म्हणजे आमच्या समाजाचे सर्वांत जुने. काळा घोड्याचे केनेसेथ एलियाहू 1884 चे. कोठे कोणत्या दिवशी काय चालते हे बदलत राहते, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय निघू नका.

विचारण्याचे दुसरेही कारण आहे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, आणि तेव्हापासून ज्यू संस्थांच्या दारावरची तपासणी कडक आहे. अनोळखी व्यक्ती शनिवारी सकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिली तर तिला थांबवले जाणारच. त्यात तुमचा अपमान मानू नका. आधी पत्र किंवा संदेश पाठवून आपले नाव, गाव, व्यवसाय आणि येण्याचा हेतू साध्या शब्दांत कळवा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि उत्तर आल्यावरच जा. "मी ज्यू नाही, तोरा समजून घ्यायची इच्छा आहे, मागे बसून ऐकेन" एवढे पुरेसे आहे. स्वतःची फार मोठी आध्यात्मिक ओळख करून देण्याची गरज नसते, उलट तसे पत्र वाचून लोक सावध होतात.

या सावधपणाला जुना इतिहास आहे आणि तो तुम्हाला माहीत असावा. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी 1829 साली मुंबईला आले आणि 1832 साली त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. आमच्या पूर्वजांनी त्या आणि तशा साधनांतून हिब्रू शिकून घेतली. कोचीहून आलेल्या शिक्षकांकडून विधी शिकले. आणि धर्मांतराच्या हेतूने उघडलेल्या शाळांत शिकूनही ते ज्यूच राहिले. त्यामुळे कोणी बाहेरचा माणूस तोराविषयी फार उत्साहाने बोलू लागला की वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हा शिकायला आला आहे की शिकवायला. दुसऱ्या बाजूने तुम्हीही निश्चिंत राहा: ज्यू धर्म धर्मप्रसार करत नाही, तुम्हाला कोणी धर्मांतराविषयी विचारणार नाही, आणि स्वतःहून कोणी विचारले तर बहुतेक धर्मगुरू आधी परावृत्तच करतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यू नसलेल्याने तोरा शिकावी की नाही, यावर आमच्या ग्रंथांतच दोन मते आहेत. तालमूद म्हणजे जुन्या धर्मगुरूंच्या, रब्बींच्या, चर्चांचा ग्रंथ; त्याच्या सान्हेद्रीन या भागात एक मत ते नाकारणारे आहे, तर लगेच शेजारी रब्बी मेईर यांचे मत दिले आहे की, तोरात रमणारा परधर्मीय हा प्रमुख याजकाच्या बरोबरीचा आहे. आणि सर्व मानवांसाठी असलेल्या नोआच्या सात आज्ञांच्या संदर्भात या दोन मतांचा मेळ घातलेला आहे. म्हणून एखादे शिक्षक तुम्हाला आनंदाने बसवतील, तर एखादे "पाच ग्रंथांचे निरूपण ऐका, पण तालमूदच्या वर्गाला नको" असे म्हणतील. दोन्ही भूमिका परंपरेच्या चौकटीतल्या आहेत, आणि जे सांगितले जाईल ते मान्य करणे योग्य.

प्रवासाचे गणित आमचे आणि तुमचे वेगळे आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ पाळणारा ज्यू वाहनाने प्रवास करत नाही. म्हणून मी शुक्रवारी दुपारीच ठाण्याला नातलगांकडे जाते आणि तेथून चालत प्रार्थनेला जाते. तुमच्यावर हे बंधन नाही, पण शनिवारी सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस नाशिक रोडहून पकडली, तरी ठाण्याला उतरून पोहोचेपर्यंत बहुधा तोरा-वाचन निम्म्यावर आलेले असते, आणि पावसाळ्यात कसारा घाटात गाडी रखडली तर तेही हाती लागत नाही. हीच पंचवटी रविवारच्या वर्गाला मात्र उत्तम पडते, आणि संध्याकाळच्या पंचवटीने रात्री घरी परत येता येते. माझा सल्ला असा की, दर आठवड्याला जाण्याचा संकल्प करू नका. दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर, नोकरी आणि घर सांभाळून असा संकल्प पाळणारी माणसे मी फार थोडी पाहिली; बाकीची दोन-तीन महिन्यांत दमतात आणि मग वाचनही सोडून देतात. वाचन दर आठवड्याचे ठेवा आणि जाणे महिन्यातून एकदा. वाचन न चुकता चालू राहिले तर महिन्याने ऐकलेले निरूपणही सलग वाटते; वाचन नसेल तर दर शनिवारी जाऊनही सगळे सुटे सुटे राहते.

वाचन कसे करायचे, हा या उत्तराचा गाभा आहे. आमच्याकडे फार जुना दंडक आहे, आणि तो तालमूदमध्येच नोंदलेला आहे: प्रत्येकाने आठवड्याची पाराशा समाजाबरोबर पूर्ण करावी, मूळ पाठ दोनदा आणि भाषांतर एकदा वाचून. त्या काळी भाषांतर म्हणजे अरामी भाषेतले. आमच्या घरात ते मराठी होते, आणि त्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी असलेली हाग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. 1880 च्या दशकात तर अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठीतून कीर्तने करण्याची प्रथा आमच्या समाजात सुरू झाली. तोरा मराठीतून ऐकणे ही आमच्याच परंपरेची वहिवाट आहे.

तुम्ही असे करा. रविवारी किंवा सोमवारी मराठी पवित्र शास्त्रातून त्या आठवड्याचा संपूर्ण उतारा एका बैठकीत, न थांबता वाचा. लांबी कमी-अधिक असते: नासो ही पाराशा 176 वचनांची, सर्वांत लांब, वायेलेख केवळ 30 वचनांची. मग बुधवार-गुरुवारी दुसऱ्यांदा वाचा, पण या वेळी हातात पेन्सिल घेऊन, आणि जेथे अडखळाल तेथे खूण करा. अडखळणे म्हणजे कठीण शब्द नव्हे. एखादी गोष्ट दोनदा का सांगितली, एखादी अपेक्षित गोष्ट का गाळली, क्रम उलटा का, एखाद्याचे नाव का दिले नाही, हे अडखळणे. यातली एक किंवा दोनच ठिकाणे निवडा आणि प्रश्न वहीत लिहा. हे शुक्रवारच्या आधी करावे, कारण शब्बाथला लिहिणे निषिद्ध आहे आणि सिनेगॉगमध्ये त्या दिवशी वही-पेन किंवा मोबाइल काढला तर सर्वांना अवघडल्यासारखे होते. प्रश्न डोक्यात घेऊन जा आणि ऐकलेले घरी आल्यावर लिहा. रविवारच्या वर्गात मात्र लिहिण्यास काही हरकत नाही.

मराठी भाषांतर वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते ख्रिस्ती संस्थांनी केलेले आहे, त्यामुळे मजकुरासाठी ते चांगले, पण मथळे आणि तळटीपा यांवर अर्थ बेतू नका. दुसरे, काही ठिकाणी वचनांचे क्रमांक हिब्रूशी जुळत नाहीत. उदाहरणार्थ, उत्पत्तीच्या 31 व्या अध्यायाचे शेवटचे वचन हिब्रूत 32 व्या अध्यायाचे पहिले असते. वक्त्याने सांगितलेला आकडा पुढेमागे झाला तर गोंधळू नका. इंग्रजी वाचता येत असेल तर सेफारिया या विनामूल्य संकेतस्थळावर मूळ पाठाबरोबर जुने भाष्यकारही मिळतात, पण पहिल्या वाचनाला ते उघडू नका. आपला प्रश्न पडण्यापूर्वी दुसऱ्याचे उत्तर वाचले की प्रश्न पडायचाच थांबतो.

तयारी करून गेल्यावर निरूपणात काय घडते, याचे एक उदाहरण देते. लेख लेखा या पाराशाचा आरंभ उत्पत्तीच्या 12 व्या अध्यायात होतो. देव अब्रामाला सांगतो की, आपला देश, आपली जन्मभूमी आणि आपल्या पित्याचे घर सोडून निघ. लक्षपूर्वक वाचणाऱ्याला येथे दोन अडथळे लागतात. पहिला म्हणजे, मागच्याच अध्यायाच्या शेवटी अब्राम आपल्या पित्यासह ऊर सोडून हारान येथे येऊन राहिलेला आहे. मग जो आधीच निघालेला आहे त्याला पुन्हा देश सोडायला कसे सांगितले? दुसरा म्हणजे, माणूस निघताना आधी घर सोडतो, मग गाव, मग देश. येथे क्रम नेमका उलटा आहे. वक्ता येथूनच सुरुवात करतो. अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार राशी म्हणतात की, देवाने त्याला तेथूनही आणखी दूर जाण्यास आणि पित्याच्या घरापासून वेगळे होण्यास सांगितले. इब्न एझरा म्हणतात की, ही आज्ञा तो ऊरमध्ये असतानाच झालेली होती, मजकुरात ती नंतर आली एवढेच. तेराव्या शतकातले रामबान हे दोन्ही नाकारतात. त्यांच्या मते अब्रामाचे मूळ घराणेच हारानकडचे, म्हणून जन्मभूमी सोडण्याची आज्ञा तेथेच लागू पडते. आणि क्रमाविषयी त्यांचे म्हणणे असे की, देश सोडणे अवघड, जन्मभूमी सोडणे त्याहून अवघड आणि पित्याचे घर सोडणे सर्वांत अवघड, म्हणून शब्द त्या चढत्या क्रमाने आले आहेत.

जिने उतारा वाचला नाही तिला हे तीन अनोळखी नावांचे वादविवाद वाटतील. जिने वाचून स्वतः अडखळून पाहिले आहे, तिला वाटेल की आपल्याच प्रश्नावर तीन जाणती माणसे तिच्यासमोर बोलत आहेत. प्रवचनाची सवय असलेल्यांना आणखी एक फरक जाणवतो. तीन मतांपैकी कोणते खरे, याचा निवाडा वक्ता बहुधा करत नाही. त्याला उत्तर येत नाही म्हणून नव्हे. मतभेद तसेच शेजारी ठेवणे हीच अभ्यासाची रीत आहे. सुरुवातीला यामुळे अपुरेपणा वाटतो. तो सहन करा, काही महिन्यांनी तोच भाग हवासा वाटू लागतो.

तुम्ही द्राक्षबागेच्या घरातल्या आहात, म्हणून तुमच्यासाठी लेवीय या ग्रंथाबद्दल थोडे अधिक लिहिते. अनेक नवे श्रोते येथेच गळतात. यज्ञांचे नियम, त्वचेवरच्या डागांची लांबच लांब तपासणी, शुद्ध-अशुद्ध पशूंच्या याद्या, हे सारे वाचून त्यांना वाटते की कथा संपल्या आणि आता आपल्यासाठी काही उरले नाही. पण त्याच ग्रंथात केदोशीम आणि बेहार या पाराशा आहेत, ज्या एप्रिल-मेच्या सुमारास येतात, म्हणजे आपल्याकडे द्राक्षे उतरून खरड छाटणी चालू असते किंवा नुकतीच झालेली असते तेव्हा. केदोशीममध्ये, 19 व्या अध्यायात, मळ्याच्या मालकाला सांगितले आहे की, द्राक्षमळा पूर्ण झोडपून घेऊ नकोस आणि खाली पडलेले मणी वेचू नकोस. ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. पुढे रब्बींनी यावर जी चर्चा केली ती तुमच्या घरातली कोणतीही जाणती व्यक्ती लगेच समजू शकेल. एका वेळी एक-दोन मणी गळले तर ते गरिबाचे, तीन गळले तर नाही. आणि वेलीवर कोणता घड गरिबासाठी ठेवायचा? ज्याला वर एकमेकींवर आलेल्या पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या लहान फांद्या, नाहीत आणि खाली मधल्या दांड्याला लोंबणारे मणीही नाहीत, असा. शहरात वाढलेल्या श्रोत्यांना हे सांगताना वक्त्याला हातवारे करावे लागतात. ज्यांच्या घरी विरळणी करताना घडाची पाकळी न् पाकळी मोजली जाते, त्यांना सांगावेच लागत नाही.

त्याच अध्यायात असेही आहे की, नवे फळझाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षीचे फळ देवाच्या स्तुतीसाठी पवित्र, आणि पाचव्या वर्षापासून मालकाने खावे. ज्या भागात लागवडीनंतर लवकरात लवकर माल हाती यावा म्हणून सगळी धडपड असते आणि कर्जाचे हप्ते त्याची वाट पाहत असतात, तेथून आलेल्या व्यक्तीने हा नियम वाचला की तिच्या मनात जे येईल, ते ठाण्या-मुंबईच्या श्रोत्याच्या मनात येणार नाही. बेहारमध्ये, 25 व्या अध्यायात, तर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे: पेरायचे नाही, द्राक्षमळा छाटायचा नाही. हा नियम इस्राएलच्या भूमीपुरता आहे, आणि तेथे आजही तो पाळला जातो. मागचे असे वर्ष 2021-22 मध्ये झाले, पुढचे 2028-29 मध्ये येईल. तुमच्या मनात पहिला प्रश्न येईल तो म्हणजे, मग त्या वर्षी खायचे काय. हाच प्रश्न त्या अध्यायात 20 व्या वचनात शब्दशः आहे. तोराने शेतकऱ्याची शंका गाळलेली नाही, ती लिहून ठेवली आहे, आणि पुढच्या वचनांत उत्तर दिले आहे की सहाव्या वर्षी तीन वर्षांचे पीक येईल.

पण चर्चा तेथे संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1889 च्या शमिता वर्षी, म्हणजे जमीन पडीक ठेवण्याच्या अशाच सातव्या वर्षी, त्या भूमीत नव्याने शेती करू लागलेल्या ज्यू वसाहती उपासमारीच्या काठावर होत्या, तेव्हा काही रब्बींनी जमीन तात्पुरती परधर्मीयाला विकून लागवड चालू ठेवण्याची मुभा दिली. काहींनी तिला कडाडून विरोध केला, आणि तो वाद आजही प्रत्येक सातव्या वर्षी नव्याने होतो. एका बाजूला आज्ञा, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे पोट, आणि दोन्ही बाजूंना धर्मनिष्ठ माणसे. अशा निरूपणात तुम्ही केवळ ऐकणाऱ्या राहणार नाही. एक हंगाम बाग न छाटता सोडली तर वेलीचे काय होते, हे तुम्ही सांगू शकता, आणि मला खात्री आहे की वक्ता ते लक्ष देऊन ऐकेल. राशी याच पाराशाच्या पहिल्या वचनावर विचारतात की, सातव्या वर्षाच्या नियमाचा आणि सीनाय पर्वताचा संबंध काय, तो मुद्दाम येथेच का सांगितला. आणि उत्तर देतात की, जसे या एका आज्ञेचे बारीकसारीक तपशील सीनायवर दिले गेले, तसेच सर्व आज्ञांचे दिले गेले. म्हणजे साऱ्या तपशीलवार नियमांचा नमुना म्हणून जी आज्ञा पुढे केली, ती शेतीची आहे. म्हणून लेवीयच्या कोरड्या वाटणाऱ्या पानांवर थांबू नका. त्वचारोगांच्या तझरिया आणि मेत्झोरा या पाराशा कंटाळा आला तरी वाचून काढा. त्यांच्या पुढे अवघ्या दोन ते चार पाराशांवर हे सगळे तुमची वाट पाहत आहे.

हिब्रूविषयी थोडक्यात. निरूपण मराठी, इंग्रजी किंवा दोन्हींच्या मिश्रणात होते. मुंबईत इंग्रजीकडे कल अधिक, आणि ज्येष्ठ बेने इस्राएल वक्ता असेल तर मराठीकडे. वाचन हिब्रूतच असते आणि ते समजले नाही तरी चालते, कारण त्याच वेळी बहुतेक जण हातातल्या पुस्तकात भाषांतर पाहत असतात. वर्षभर टिकलात आणि इच्छा उरली तर अक्षरे शिका. 22 अक्षरे आहेत, मराठी वाचणाऱ्याला ती महिन्याभरात येतात. सुरुवातीलाच त्यांच्या मागे लागलात तर उतारा बाजूला राहील आणि सगळा वेळ अक्षरांत जाईल.

वागण्याविषयी जे सांगायचे ते फार नाही. अंगभर साधे कपडे घाला. विवाहित स्त्रिया डोके झाकतात, तुम्ही ओढणी किंवा पदर जवळ ठेवला तर कोठेही चालून जाते, आणि पुरुष सोबत असेल तर त्याने टोपी घालावी. स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी, जुन्या इमारतींत बहुधा वरच्या सज्जात असते. आत शिरताना एखाद्या वयस्क स्त्रीच्या शेजारी बसायची परवानगी मागा, ती तुम्हाला पुस्तकाचे पान आपणहून दाखवील. हेखालातून, म्हणजे पवित्र कपाटातून, सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर आणली की सारे उभे राहतात, तेव्हा उभे राहा. हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, प्रार्थना म्हणत असताना ये-जा करू नका. छायाचित्रे नकोत. बाहेरचे खाद्यपदार्थ भेट म्हणून आणू नका, कारण आमचे आहाराचे नियम त्यांना लागू होतात. निफाडची ताजी द्राक्षे मात्र आनंदाने घेतली जातील, फक्त ती शनिवारी नव्हे, इतर दिवशी न्या.

निरूपणात प्रश्न विचारावा का, हा तुमचा न विचारलेला प्रश्न मी गृहीत धरते. शनिवारी प्रार्थनेच्या मध्ये असलेल्या बोलण्यात विचारू नका, नंतर नाश्त्याच्या वेळी विचारा. वर्गात मात्र विचाराच, पण पहिल्या दोन-तीन वेळा ऐकून घेतल्यावर. प्रश्न उताऱ्याला धरून असावा. "आमच्याकडेही असेच सांगितले आहे" या वाक्याने सुरू होणारा प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न नसतो, आणि त्याने उताऱ्यावरचे लक्ष उडते. तुलना करावीशी वाटणे साहजिक आहे. ती तुमच्या वहीत लिहा आणि वर्षभराने पुन्हा वाचा, तेव्हा त्यातल्या कोणत्या टिकतात ते कळेल.

घरबसल्या इंटरनेटवर ऐकून भागणार नाही का, असेही तुमच्या मनात येईल. ज्या आठवड्यात जाता येत नाही त्या आठवड्यात जरूर ऐका, माझाही तो आधार आहे. पण पडद्यावरचा वक्ता कोणाही श्रोत्यासाठी बोलतो, तर वर्गातला वक्ता समोरच्या चेहऱ्याकडे पाहून थांबतो, मागे जातो, पुन्हा सांगतो. शिवाय शेजारी बसलेली बाई वाचनातली एखादी ओळ ऐकून हळूच मान हलवते, किंवा वाचणाऱ्याकडून उच्चार चुकला की चार बाजूंनी आवाज येऊन तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो, तेव्हा हा ग्रंथ अख्ख्या समाजाचा आहे हे जसे कळते तसे पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी महिन्याचा तो एक प्रवास करावा असे मला मनापासून वाटते.

सुरुवात कधी करावी? बेरेशीथपासून, म्हणजे सिम्हाथ तोरानंतरच्या पहिल्या शनिवारपासून करता आली तर सर्वांत चांगले, कारण पुढच्या पाच-सहा आठवड्यांत आदाम, नोआ, अब्राहाम, इसहाक, याकोब अशा कथा ओळीने येतात आणि वाचनाची सवय सहज बसते. तो काळ तुमच्या घरी ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीचा असतो हे मला माहीत आहे, म्हणून त्या दिवसांत प्रवास न करता केवळ वाचन करा आणि जानेवारीत, छाटणीच्या कामांतून मोकळ्या झाल्यावर आणि काढणीचा जोर येण्यापूर्वी, पहिल्यांदा वर्गाला जा. त्या सुमारास शेमोथ, म्हणजे इजिप्तमधून सुटकेची कथा चालू असते, आणि नव्या श्रोत्याने प्रत्यक्ष ऐकायला तिच्याइतका सोपा दुसरा भाग नाही. पण तुम्ही हे वाचाल तेव्हा वर्ष मध्यावर असेल तर ऑक्टोबरची वाट पाहत बसू नका. या आठवड्याची पाराशा कोणती ते शोधा, तेथूनच वाचायला लागा, आणि सिनेगॉगच्या कार्यालयाला पत्र लिहा. उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो, कारण ही कामे बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक आपली नोकरी सांभाळून करतात. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा लिहा, आणि सण जवळ आलेला असेल तर तो उलटल्यावर लिहा.